डिझेल एचडी (हेवी ड्यूटी) पिकअप: कोणत्या मॉडेल-वर्षात नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डलासजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला सामानासकट १४,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील (नाक ट्रकच्या हौद्यात टेकणारा) ट्रेलर ओढायचा आहे. २०२५ चा नवा ट्रक घ्यावा, की चार-पाच वर्षं वापरलेला? दर वर्षी हॉर्सपॉवर वाढलेली दिसते, मग जुना कमी पडेल का? आणि २५०० पुरेल, की त्याहून जास्त भार पेलणारा ३५०० च लागेल?

आधी ताकदीचं उरकून घेऊ. १४,००० पौंड म्हणजे सुमारे ६,३५० किलो. २०१७ नंतरचं कुठलंही अमेरिकन एचडी डिझेल इंजिन एवढं ओढतं. जीएमचं (जनरल मोटर्स) ड्युरामॅक्स एल५पी २०१७ ला आलं तेव्हा ४४५ हॉर्सपॉवर आणि ९१० पौंड-फूट टॉर्क होता, २०२४ ला ते ४७० आणि ९७५ झालं. फोर्डचं ६.७ पॉवर स्ट्रोक २०१८ ला ४५० आणि ९३५ वर होतं, २०२० ला ४७५ आणि १,०५० वर गेलं आणि २०२३ ला हाय आउटपुट प्रकारात ५०० आणि १,२०० वर पोचलं. रॅमचं हाय आउटपुट कमिन्स २०१९ ला ४०० आणि १,०००, २०२१ ला ४२० आणि १,०७५, २०२५ ला ४३० आणि १,०७५. लांब चढावर हा फरक जाणवतो, नाही असं नाही. पण खरेदी त्यावर ठरवू नका. असे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे राहतात ते ताकद कमी पडली म्हणून नव्हे. हाय-प्रेशर पंप, गिअरबॉक्स, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि मागच्या ॲक्सलवर टाकलेलं जास्तीचं वजन, ही खरी कारणं. मॉडेल-वर्ष निवडताना या चार गोष्टी कधी बदलल्या ते बघायचं.

२५०० की ३५०० याचं उत्तर चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर असतं. ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको’ असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. सनरूफ, मोठी कॅब, महागडी ट्रिम घेतली की तो कमी होतो. फिफ्थ-व्हीलच्या वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या हौद्यात येतो. तुमच्या बाबतीत २३ टक्के धरले तर ३,२२० पौंड. हिचचे २०० आणि चार माणसांचे ६०० मिळवले की ४,०२० पौंड होतात. यात हौद्यातला जनरेटर किंवा टूलबॉक्स धरलेला नाही.

रॅम २५०० वर बराच काळ एकूण वजनाची १०,००० पौंडांची मर्यादा होती. त्यातून जड डिझेल इंजिन आणि क्रू कॅब वजा केली की स्टिकरवर साधारण २,००० पौंड उरतात. शिवाय २०१४ पासून रॅम २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, पाटे फक्त ३५०० ला. जीएमने २०२० च्या नव्या रचनेत २५०० ची मर्यादा १०,००० च्या वर नेली, त्यामुळे तिथे जास्त उरतात, तरी ४,००० ची खात्री नाही. म्हणून तुम्हाला ३५००, फोर्डच्या भाषेत एफ-३५०, लागेल. मागे एकेरी चाकं चालतील, पण स्टिकरवर ४,२०० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तरच. तेवढं नसेल तर मागे चार चाकांची ड्युअली घ्या. ‘मागच्या स्प्रिंगला हवेच्या एअर बॅग लावल्या की झालं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. एअर बॅगमुळे गाडीची मागची बाजू उचलली जाते, ॲक्सलची आणि टायरची क्षमता तेवढीच राहते.

ट्रेलर आधीच घेतलेला असेल तर अंदाजावर राहू नका. ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांचा वजनकाटा) आधी नुसता ट्रक वजन करा, मग ट्रेलर जोडून. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जेवढी वाढ झाली तेवढा हौद्यातला भार. कागदावर मागच्या ॲक्सलचा आकडा वेगळा छापलेला येतो. तो दारावरच्या ॲक्सल-मर्यादेशी ताडून बघा.

आता पंप. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

बॉशचा सीपी४.२ हा दोन प्लंजरचा हाय-प्रेशर पंप. आधीचा सीपी३ तीन प्लंजरचा. सीपी४ हलका, जास्त दाब देणारा आणि इंजिनची कमी ताकद खाणारा, म्हणून कंपन्यांनी तो घेतला. त्यात कॅमवर फिरणारा रोलर एका टॅपेटमध्ये बसवलेला असतो. हा टॅपेट स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी खाच नसते. डिझेलमध्ये हवा आली, पाणी आलं किंवा वंगण कमी पडलं की टॅपेट किंचित वळतो, रोलर कॅमवर आडवा घासतो आणि पोलाद सोलवटून निघतं. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, म्हणून तो चुरा डिझेलबरोबर रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जाड नळी), सगळ्या इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या नळीतून टाकीतही जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या सगळं नवं, टाकी काढून धुवायची, आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात.

अमेरिकेत हा त्रास जास्त दिसण्यामागे इंधनाचाही हात आहे. तिथल्या डिझेलच्या मानकात घर्षणचाचणीचा व्रण ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, युरोपात ४६० पर्यंतच. आपल्याकडच्या बीएस-६ डिझेललाही ४६० चीच मर्यादा आहे. आकडा जितका मोठा तितकं डिझेल कोरडं.

आता वर्षं. जीएमने २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्सवर सीपी४.२ लावला, तोही टाकीतून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंप न देता. पंपाला स्वतःच ओढून घ्यावं लागायचं, आणि ओढताना हवा येण्याची शक्यता वाढते. २०१७ च्या एल५पीवर डेन्सोचा एचपी४ पंप आणि टाकीत इलेक्ट्रिक लिफ्ट पंप आला. एलएमएल ते एल५पी हा गेल्या दशकातला जीएमचा सर्वांत मोलाचा बदल, आणि ब्रोशरमध्ये त्याला एक ओळही धड मिळाली नाही. रॅमकडे २०१८ पर्यंत सीपी३ होता. २०१९ आणि २०२० ला सीपी४.२ आला, २०२१ च्या मॉडेलपासून परत सीपी३. आधीच्या दोन वर्षांच्या गाड्या २०२१ च्या शेवटी रिकॉलमध्ये गेल्या. म्हणून २०१९-२० ची रॅम बघत असाल तर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तो रिकॉल पूर्ण झाला आहे का ते आधी बघा. फोर्डच्या ६.७ वर २०११ पासून सीपी४.२ आहे. वापरलेली फोर्ड घेताना तो आहे असंच धरून चाला. फोर्डला लिफ्ट पंप असल्यामुळे एलएमएलपेक्षा तिथे तो जास्त टिकतो.

सीपी४ वाल्या गाडीवर बायपास किट बसवून घ्या. काही शे डॉलरचं काम आहे. पंपाच्या पोटातलं डिझेल इंजेक्टरकडे न जाता फिल्टरमधून थेट टाकीकडे वळतं. पंप जायचा तो जाईल, पण इंजेक्टर वाचतील आणि बिल बरंच कमी होईल.

वापरलेल्या गाडीत पंप तपासायचा असेल तर पंपावरचा डिझेलचं प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह मेकॅनिककडून काढून घ्या. त्याच्या टोकाला बारीक जाळी असते. ती पांढऱ्या कापडावर टेकवून टॉर्चच्या उजेडात बघा. स्वच्छ डिझेलचा ओला डाग पडला तर ठीक. चंदेरी चकाकी दिसली, बोटांत चोळल्यावर रांगोळीसारखी खरखर लागली, तर तिथेच थांबा. विक्रेता हे करू देत नसेल तर निदान जुना डिझेल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा.

फिल्टरच्या बाबतीत दोन चुका नेहमी होतात. पहिली, पाणी काढत नाहीत. फोर्डमध्ये चालकाच्या बाजूला चॅसिसच्या दांडीवर फिल्टरचं घर असतं, त्याच्या खाली ड्रेन. इंजिन बंद करून महिन्यातून एकदा तो अर्धा मिनिट उघडा. खाली काचेची बरणी धरा. पाणी तळाशी बसलेलं लगेच कळतं. दुसरी, फिल्टर बदलल्यावर हवा न काढता सेल्फ मारतात. फोर्डमध्ये इंजिन न सुरू करता किल्ली ऑन करून ३० सेकंद थांबा, ऑफ करा, असं सहा वेळा. मगच सुरू करा. सीपी४ ला कोरडं फिरवणं म्हणजे त्याचा जीव घेणं. रॅमला २०१३ पासून दोन डिझेल फिल्टर आहेत, एक इंजिनवर, एक मागे चॅसिसवर. दोन्ही १५,००० मैलांना बदला. नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरू नका, ते डिझेल गाळलेलं नसतं. लिफ्ट पंपालाच भरू द्या.

रॅम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. ६.७ कमिन्समध्ये २०२४ पर्यंत थंडीत हवा तापवायला इनटेकच्या तोंडाशी ग्रिड हीटर होता, विजेच्या शेगडीसारख्या पट्ट्या. त्याला करंट देणारा बोल्ट वर दिसतो, पण त्याचं नट आत, हवेच्या वाटेत असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून आणि ठिणग्या पडून तो जोड जळतो, बोल्टचं टोक तुटतं आणि हवेबरोबर एखाद्या सिलिंडरमध्ये जातं. पिस्टन आणि हेडची वाट लागते. आधी फारशी लक्षणं दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम बघावं लागतं. दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी काढा, हीटरच्या बोल्टवरची जाड केबल सोडवा आणि तो बोल्ट बोटांनी हलवून बघा. तो घट्टच असायला हवा. किंचित जरी डुलला, किंवा टर्मिनलभोवती प्लास्टिक वितळल्याचा काळा डाग असला, तर गाडी चालवू नका. बाजारात आत नट नसलेले पर्यायी हीटर मिळतात. २०२१ ते २०२४ ची रॅम घेतली तर पहिल्याच वर्षी तो बसवून टाका. २०२५ ला कमिन्सने ग्रिड हीटर काढून ग्लो प्लग दिले. त्या वर्षीचा हा बदल मला हॉर्सपॉवरपेक्षा फार मोलाचा वाटतो.

२०२५ च्या रॅममध्ये गिअरबॉक्सही बदलला. तोपर्यंत साध्या कमिन्सला ६८आरएफई आणि ३५०० च्या हाय आउटपुटला आयसिन, दोन्ही सहा गिअरचे. ६८आरएफई जड ट्रेलरखाली लवकर थकतो. वरच्या गिअरचे क्लच घसरू लागतात, तेल काळं पडून जळका वास येतो. आयसिन दणकट, पण खालच्या गिअरमध्ये त्याचा झटका बसतो. तो दोष नव्हे, स्वभाव आहे. २०२५ पासून दोन्ही गेले आणि सगळ्या डिझेलना झेडएफचा आठ गिअरचा आला. साधं-हाय आउटपुट हा भेदही संपला. जीएममध्ये २०१९ पर्यंत सहा गिअरचा ॲलिसन, २०२० पासून दहा गिअरचा. त्यावर ॲलिसनचं नाव आहे, पण बनवतं जीएमच. २०१७ ते २०१९ चं एल५पी आणि सहा गिअरचा ॲलिसन ही जोडी बाजारात अजून भाव खाऊन आहे, आणि ते योग्यच आहे. फोर्डनेही २०२० लाच दहा गिअरचा दिला, त्याबरोबर इंजिनात पोलादी पिस्टन आले. २०१७ ते २०१९ ची फोर्ड घेत असाल तर पुढचा ट्रॅक बारचा बुश आणि स्टिअरिंग डॅम्पर तपासा. त्या वर्षांत खड्ड्यावरून गेलं की पुढची बाजू थडथडण्याच्या तक्रारी खूप होत्या.

डीईएफला (धूर शुद्ध करायला एक्झॉस्टमध्ये फवारायचं द्रव) आपल्याकडे ट्रकवाले सरळ ‘युरिया’ म्हणतात, ते नाव चुकीचं नाही. पाण्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी काही नाही. उणे ११ अंशांना ते गोठतं, म्हणून टाकीत हीटर असतो आणि थंड राज्यांत हा हीटर आधी जातो. टेक्सासमध्ये त्रास उलटा, उन्हाचा. ३५ अंशांत डीईएफचं आयुष्य सहा महिन्यांवर येतं. तापलेल्या गॅरेजमध्ये डबे साठवून ठेवू नका. ट्रक-स्टॉपच्या पंपावर भरा, तिथला माल सतत खपत असल्यामुळे ताजा असतो. निळ्या झाकणाच्या टाकीत कधीही डिझेल टाकू नका, आणि डिझेलच्या टाकीत डीईएफ तर नकोच. चुकून पडलंच तर किल्ली ऑनसुद्धा करू नका, गाडी टोइंग करून न्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) मार्गदर्शन काढलं की डीईएफ संपल्यावर गाडीची ताकद एकदम तोडली जाऊ नये, त्यासाठी सॉफ्टवेअर बदलावं. २०२७ पासूनच्या नव्या ट्रकची रचनाच तशी करायला सांगितलं आहे. एवढ्यासाठी खरेदी थांबवू नका.

२०१३ ते २०१९ च्या रॅमच्या बाबतीत कमिन्सवर उत्सर्जनाच्या सॉफ्टवेअरवरून कारवाई झाली. डिसेंबर २०२३ ला जाहीर झालेला दंड १.६७५ अब्ज डॉलरचा होता. त्या गाड्यांना सॉफ्टवेअरचा रिकॉल आहे, आणि दुरुस्त केलेल्या गाड्यांना उत्सर्जनाच्या भागांची वाढीव वॉरंटी मिळते. वापरलेली गाडी घेताना हे काम झाल्याचा कागद मागा.

आणि ‘डिलीट’ केलेली, म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून सरळ पाइप घातलेला, डीईएफची टाकी रिकामी तरी दिवा नाही, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी, या खुणा. डीपीएफ शाबूत असेल तर टेलपाइपमध्ये घातलेलं बोट जवळजवळ स्वच्छ बाहेर येतं. डिलीट करणं केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे, आणि परत मूळ स्थितीत आणायचा खर्च गाडीवर वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त होतो.

वापरलेल्या ट्रकमध्ये मैलांपेक्षा इंजिनाचे तास बघा. डॅशबोर्डच्या मेनूत मिळतात. ८०,००० मैल आणि ४,००० तास म्हणजे सरासरी ताशी २० मैल. असा ट्रक बराच वेळ जागेवर सुरू ठेवलेला असतो. जागेवर इंजिन पुरेसं तापत नाही, डीपीएफमध्ये काजळी साठते आणि ती जाळून टाकणारं रिजेन वारंवार होतं. फोर्ड आणि कमिन्समध्ये रिजेनसाठी जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच फवारलं जातं, त्यातलं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल तर हेच चाललंय. ड्युरामॅक्समध्ये त्यासाठी एक्झॉस्टमध्ये वेगळा नववा इंजेक्टर आहे, तिथे हा त्रास कमी. त्याच ८०,००० मैलांना १,८०० तास असतील तर सरासरी ४४ येते. तो हायवेवर चाललेला ट्रक, बिनदिक्कत पुढे बोला.

हौद्याची लांबीही विसरू नका. साडेसहा फुटी हौद्यात फिफ्थ-व्हील लावून अरुंद वळण घेतलं की ट्रेलरचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेत घुसू शकतो. त्यासाठी सरकणारं हिच लागतं. आठ फुटी हौदा असेल तर हा प्रश्नच येत नाही. नवे ४×४ ट्रक उंच झालेत, तेव्हा हौद्याची कड आणि ट्रेलरचं नाक यांत पाच-सहा इंच जागा राहते का ते ट्रेलर जोडून मोजा. नाक वर आणि मागची बाजू खाली झाली तर ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलचे टायर आधी फुटतात.

तर तुमच्यासाठी माझी पसंती अशी. वापरलेला घ्यायचा तर २०२० ते २०२३ चा जीएम ३५००, एल५पी इंजिन, आठ फुटी हौदा, कारखान्यातूनच फिफ्थ-व्हीलची तयारी असलेला. तो न मिळाल्यास २०२१ ते २०२४ चा रॅम ३५००, हाय आउटपुट आणि आयसिन, ग्रिड हीटर बदलायचा खर्च धरून. फोर्ड आवडत असेल तर २०२० नंतरची एफ-३५०, बायपास किटसह. नवाच घ्यायचा तर रॅमचं २०२५ हे नव्या इंजिनाचं आणि नव्या गिअरबॉक्सचं पहिलंच वर्ष आहे. जमलं तर त्यानंतरचा, २०२६ चा घ्या. त्या वर्षापासून रॅम पहिल्या मालकाला इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटीही देते, आधी डिझेलला ती ५ वर्षांची होती.

गाडी घरी आली की जुन्या मालकाच्या वहीवर विसंबू नका. डिझेलचे सगळे फिल्टर आणि इंजिन ऑइल पहिल्याच आठवड्यात बदला. ऑइल सीके-४ दर्जाचं घ्या. एल५पीला १० क्वार्ट लागतं, २०२४ पर्यंतच्या कमिन्सला १२, पॉवर स्ट्रोकला १३. काढलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. त्यात लोखंड, सिलिकॉन आणि डिझेलचं प्रमाण किती ते कळतं. सिलिकॉन जास्त आलं तर एअर फिल्टरच्या घराचं सील आणि त्यापुढच्या नळीचे जोड तपासा. धूळ तिथूनच आत जाते.